पावागडचा कातळ जंबुसरखाली कसा गेला

पावसाळा सरून हवा निवळली, की बडोद्याच्या जुन्या वस्तीतल्या उंच गच्चीवरून ईशान्येला पावागड दिसतो. सपाट मैदानातून एकदम उठलेला, सुमारे ८०० मीटर उंचीचा. त्याचे अंग दख्खनच्या लाव्ह्याचे आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आता तोंड फिरवून जवळपास तेवढेच अंतर नैर्ऋत्येला जावे, म्हणजे जंबुसर येते. काळी माती, कपाशी, कुठे उंचवटा नाही. दख्खनचा लाव्हा तिथेही आहे. पण त्याला हात लावायचा तर काही किलोमीटर जाडीचा गाळ भेदून खाली उतरावे लागते. एकच कातळ पूर्वेला डोंगर होऊन उभा आहे आणि पश्चिमेला पाताळात गेला आहे. आपले शहर या दोहोंच्या मध्ये वसले आहे.

जमीन अशी खचते का, याचे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे लागली. त्याची सुरुवात हिंदुस्थानातच झाली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरकडचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर दोन रीतींनी काढले, एकदा जमिनीवर मोजून आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत सुमारे ५.२ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक पडला. हिमालय ओळंबा आपल्याकडे ओढतो, हे कारण उघड होते. पण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला, तेव्हा फरक जवळजवळ १५.९ विकला यायला हवा होता. डोंगर दिसतो त्या मानाने कमी ओढत होता. १८५५ साली ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्याचा उलगडा केला : हलके कवच खालच्या जड थरावर तरंगते आणि उंच डोंगराखाली त्याचे मूळ खोलवर बुडालेले असते. जाड ओंडका पाण्याबाहेर जास्त डोकावतो, पातळ फळी पाण्यालगत राहते, तसेच हे. यालाच पुढे समस्थायित्व म्हणू लागले. एअरींच्या डोळ्यांपुढे डोंगर होते, पण त्यांच्या म्हणण्याची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. कवच पातळ झाले, तर जमीन खाली बसलीच पाहिजे.

मग कवच पातळ कसे होते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाची वाटच चुकली होती. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवनभूमी’ हे नाव रूढ केले, ते ऋण मोठेच आहे. पण पृथ्वी थंड होऊन आकसते आणि तिच्या सालीचे तुकडे कोसळून महासागर होतात, असे ते मानत. हलके कवच जड थरात बुडणार कसे, याला त्यात उत्तर नव्हते. १९०९ साली झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या लहरींवरून आंद्रिया मोहोरोविचिच यांना कवचाचा तळ सापडला. पुढच्या मोजण्यांतून दिसले, की खंडांखाली कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असते आणि महासागरांखाली जेमतेम ७. ही दोन निरनिराळी कवचे आहेत. एक खचून दुसरे होत नाही.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असे मांडले आणि १९६०च्या दशकात ते पटूही लागले. तरीही पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत खंड पाव मोडावा तसे काटकोनात तुटलेले दाखवत. ३५ किलोमीटर जाडीचा खंड जिथे संपतो आणि ७ किलोमीटरचे समुद्रतळ जिथे सुरू होते, त्या मधल्या पट्ट्यात काय घडले, ते त्या चित्रांत नसे.

ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ साली त्याचे उत्तर दिले, तेही अवघ्या आठ पानांत. खंड तुटण्याआधी ताणला जातो, असे त्यांनी धरले. रुंदी दुप्पट झाली की जाडी निम्मी : ३५ किलोमीटरचे कवच साडेसतरावर येते. वरचा भाग थंड आणि कडक असल्याने तो भाजलेल्या पापडासारखा तडकतो, खालचा भाग गरम गुळासारखा लांबतो. पातळ झालेली जमीन लगेच खचते, हा पहिला टप्पा. पण कवचाखालचा जड थर, म्हणजे प्रावरण, तेही ताणलेले असते, तिथला तप्त खडक वर आलेला असतो. ताण थांबल्यावर तो कोट्यवधी वर्षे निवत राहतो, निवताना जड होतो आणि जमीन हळूहळू आणखी बसते. हा दुसरा टप्पा. म्हणून अशा खोऱ्यांत खाली तुटक-तुटक खळग्यांत भरलेला गाळ असतो आणि त्यावर सगळे झाकून टाकणारी रुंद, सलग चादर असते. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत भूशास्त्रात इतके साधे आणि इतके कामाचे लेखन फारच थोडे झाले. गाळात गाडलेले जैविक द्रव्य केव्हा आणि किती तापले, हे त्यातून काढता येऊ लागले. तेल शोधणाऱ्यांना नेमके तेच हवे होते.

बडोद्याच्या परिसरात तेल मात्र या सिद्धांताआधीच सापडले. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे, १९६० साली अंकलेश्वरला. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. सुरतेपासून राजस्थानातल्या सांचोरपर्यंत पसरलेले खंभातचे खोरे म्हणजे दोन्ही बाजूंना विभंग, म्हणजे जमीन तुटून सरकलेल्या भेगा, असलेली खचदरी आहे, गाळाने काठोकाठ भरलेली. दख्खनचा लाव्हा हा तिचा तळ, त्यावर तेल जन्माला घालणारी खंभात शेल, म्हणजे चिखलाचा थरथरांचा दगड, आणि त्याही वर अंकलेश्वरचे वालुकाश्म. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने महेमदाबाद ते बिलिमोरा या रेषेवर सुरुंगांच्या लहरींनी खोल मोजणी केली, तेव्हा कवचाचा तळ तीसेक किलोमीटरांवर लागला. त्यातही वरचे काही किलोमीटर नंतर साचलेला गाळ आणि लाव्हा. मूळ कवच उरले त्याहून बरेच कमी.

१९८०च्या दशकात तेल व नैसर्गिक वायू आयोगाचे एस. के. बिस्वास यांनी कच्छ, खंभात आणि नर्मदा या तिन्ही खचदऱ्यांचा एकत्र विचार केला. खंडाला ताण बसला, तेव्हा भेगा वाटेल तिथे पडल्या नाहीत. अरवली, धारवाड आणि सातपुडा यांच्या अतिप्राचीन दिशांनीच जमीन उसवली. जुने कापड शिवणीवरच फाटावे, तशी. कच्छ आधी, मग खंभात, मग नर्मदा.

मॅकेन्झींचे चित्र सगळीकडे मात्र जुळेना. अमेरिकेतले ब्रायन वर्निके यांनी १९८१ साली दाखवून दिले, की ताण दोन्ही बाजूंना सारखा नसतो. एकच उतरता विभंग कवचातून तिरका जाऊ शकतो आणि एक काठ दुसऱ्याखालून सरकून निघतो. त्याहून मोठा धक्का स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यापुढे बसला. तिथे १९८५ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ जहाजाने समुद्रतळात वेधन केले. वर आला तो ना ग्रॅनाइट, ना बेसॉल्ट. आला पेरिडोटाइट, म्हणजे थेट प्रावरणाचा खडक, पाण्याने बदलून सर्पेंटाइन हे मऊ खनिज झालेला. कवच ताणून ताणून शून्यावर आले होते आणि पृथ्वीचे आतले अंग समुद्रतळाशी उघडे पडले होते. असे होते कसे? कवच दहाएक किलोमीटरांवर आले, की त्यातला मऊ थर संपतो आणि ते वरपासून खालपर्यंत तडकते. त्या भेगांतून समुद्राचे पाणी प्रावरणात उतरते. सर्पेंटाइन झालेला खडक निसरडा असल्याने त्यावरून उरलेले तुकडे सरकत जातात.

आपला पश्चिम किनारा त्या जातीचा नाही. इथे तुटताना लाव्हा अमाप होता. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर वेगळे झाले. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खडक त्या काळचे आहेत. दख्खनचा लाव्हा वाहिल्यानंतर थोड्याच काळात, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सही गेले. पनवेलजवळ लाव्ह्याचे आडवे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात, ती त्याच काठाची खूण. तेच ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ २०१५ साली अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यावर आले आणि गाळ भेदून बेसॉल्टपर्यंत पोचले.

मादागास्कर तुटले, सेशेल्स तुटले, पण खंभातची भेग पूर्ण उघडली नाही. ताण पश्चिमेकडे, समुद्रात सरकला. नाहीतर पावागड आणि जंबुसर यांच्यामध्ये आज महासागर असता. निवणे मात्र अजून संपलेले नाही. गोध्र्याजवळ टुव्याला गरम पाण्याचे झरे आहेत आणि खंभातच्या विहिरींत तापमान चटकन वाढते, हे तेलक्षेत्रावर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

त्या विभंगांवरचे बळही आता उलटले आहे. भारत उत्तरेला आशियावर रेटला जात असल्याने जे विभंग ताणामुळे खाली घसरले होते, त्यांच्यावर आज दाब आहे. २३ मार्च १९७० रोजी भरूच हादरले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या जुन्या खचदरीतच जमीन खाली जायच्या ऐवजी वर ढकलली गेली. त्या सकाळी बडोद्यातले पंखे हलले आणि आम्ही सगळे प्रजासत्ताक दिनाच्या कपड्यांत रस्त्यावर उभे होतो.