पक्ष्यांचे समीपचित्र

पक्ष्याचे डोके, डोळा, चोच किंवा पिसे जवळजवळ सगळी चौकट व्यापतील असे छायाचित्र. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘क्लोज-अप’.

प्रारंभाविषयी एकमत नाही. वेल्सचे छायाचित्रकार जॉन डिल्विन लेवेलिन यांच्या १८५६ च्या ‘पिस्केटर’ या चित्रात बगळा आहे, पण तो पेंढा भरलेला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांच्या १८८२ मधील छायाचित्रण-बंदुकीने (बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने) सेकंदाला १२ प्रतिमा टिपल्या. तिचा रोख मात्र उड्डाणाच्या यांत्रिकीवर होता. इंग्रजी ग्रंथकार सामान्यतः ब्रिटिश छायाचित्रकार कर्टन बंधूंच्या १८९२ च्या घरट्याच्या चित्राला आद्य मानतात. त्यात अंडी आहेत, पक्षी नाही. जिवंत रानपक्षी हा निकष धरल्यास, ब्रिटिश छायाचित्रकार रेजिनाल्ड लॉज यांचे अंडी उबवणाऱ्या युरोपीय टिटवीचे चित्र अधिक ग्राह्य वाटते. त्याला १८९५ च्या सुमारास रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले.

स्पर्धेच्या परीक्षणात पहिली नजर डोळ्यावर जाते. तो रेखीव असावा, त्यात प्रकाशाचा ठिपका असावा, मान किंचित कॅमेऱ्याकडे वळलेली असावी. खरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची, म्हणजे जेवढ्या अंतरातले सारे रेखीव दिसते त्या पट्ट्याची. फुल-फ्रेम कॅमेरा, ६०० मिमी.ची लेन्स, एफ/४ हे छिद्रमान आणि ६ मी. अंतर असताना ही खोली अवघी सु. २.२ सेंमी. भरते. छोट्या खंड्याची चोच सु. ४ सेंमी. लांब असते, त्यामुळे समोर तोंड केलेल्या खंड्याचा डोळा साधला, तर चोचीचे टोक धूसर होणारच. त्याचे गुण कापणे अन्यायाचे. उलट, टोक स्पष्ट आणि डोळा धूसर असेल तर चित्र बाद समजावे. तिसरी पापणी (डोळ्यावरून आडवे सरकणारे अर्धपारदर्शक पटल) ओढली गेल्याने दुधाळ दिसणारा डोळाही सहसा नापसंत होतो. पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याच्या चित्रात मात्र तोच दोष वर्तनाचा पुरावा ठरतो.

खंड्याच्या पाठीचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेचा असतो. प्रकाशाची दिशा बदलली की तो हिरवट दिसतो. रंग संगणकावर भडक केला, असा शेरा मारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. बगळ्याच्या पांढऱ्या आणि कोतवालाच्या काळ्या पिसांत तपशील टिकला आहे का, हेही पाहतात.

फियाप (छायाचित्रणकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि आरपीएस (रॉयल फोटोग्राफिक सोसायटी) या संस्थांची निसर्गछायाचित्रणाची संयुक्त व्याख्या २०१५ पासून लागू आहे. तीनुसार चित्रातला घटक पुसणे किंवा नवा घालणे वर्ज्य आहे, चौकट कापण्यास मुभा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणेही येते. घरट्यावरची चित्रे येथील अनेक स्पर्धा स्वीकारत नाहीत, मग डोळा कितीही रेखीव असो.