गडगा रचता येतो म्हणून ताल रचता येत नाही

उताराच्या जागेत बाग करायची म्हणून गवंड्याला बोलावलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "गडगा घालूया, मागनं माती ओढूया, झालं काम." बेळगावच्या आसपास, येळ्ळूरपासून जांबोटीपर्यंत जिथं जिथं उतारावर फार्महाऊसं उठलीत, तिथं हेच चाललंय. मे महिन्यात देखणी दिसणारी भिंत ऑगस्टमध्ये खालच्या वाफ्यात पसरलेली असते. मग दगड वाईट होता म्हणायचं, नाहीतर पाऊस जास्त झाला म्हणायचं. दगड ठीक असतो आणि आपल्याकडं पाऊस दरवर्षीच पडतो. चुकतं ते एवढंच, की ताल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी दगडी भिंत हवी होती तिथं गडगा, म्हणजे नुसती कुंपणाची भिंत घातलेली असते.

गडगा काय असतो ते सांगत बसायची गरज नाही. बुडाला दोन फूट, वर दीड फूट, दोन्ही बाजूंना तोंड, मधल्या पोकळीत चिपा (दगडाचे बारके तुकडे), छातीएवढी उंची. स्वतःचं वजन पेललं की त्याचं काम संपलं. म्हैस घासून गेली, चार दगड पडले, पुन्हा ठेवले. आत शिरलेलं पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं. पायासाठी वरची भुसभुशीत माती खरवडली तरी भागतं.

तालीला तोंड एकच असतं. दुसऱ्या बाजूला पाठ, आणि पाठीला माती टेकलेली. ही माती रात्रंदिवस ढकलत असते, आणि हा ढकल उंचीच्या वर्गानं वाढतो. उंची दुप्पट केली की ढकल चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. म्हणून दोन फुटांची ताल कशीही रचली तरी उभी राहते, आणि तेवढ्याच अनुभवावर चार फुटांची रचणारा फसतो.

मापं थोडक्यात सांगतो, कारण ती कुणीही पाठ करू शकतो. पाया कठीण मुरूम लागेपर्यंत, निदान फूटभर खोल, आणि त्याचा तळ उताराच्या आत किंचित कललेला. पायासकट एकूण उंचीच्या निम्मी जाडी बुडाशी. दर फुटाला दोन इंच या हिशेबानं तोंड मागं झुकलेलं. म्हणजे चार फूट दिसणाऱ्या तालीची पायासकट उंची पाच फूट, बुडाची जाडी अडीच फूट, माथ्यावर वीस इंच. वीस फूट लांबीला दोन ब्रासला (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं जास्त बांधकाम भरतं, पण ट्रकमधून येणारा डबर, म्हणजे न घडवलेला दगड, पोकळ मोजलेला असतो, म्हणून अडीच ब्रास मागवा. ओळंब्यात सरळ उभी ताल "फिनिशिंग चांगलं आहे" म्हणून कौतुकानं दाखवतात. ती आधीच अर्धी हरलेली असते.

खरी गोम पाण्यात आहे, आणि इथंच सगळे घसरतात.

चार फूट उंच तालीचा एक मीटर लांबीचा तुकडा धरा. मागची माती कोरडी असताना त्यावर साधारण साडेचारशे किलोचा ढकल येतो. तीच माती पाण्यानं भरली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली, तर ढकल नऊशेच्या वर जातो. कोरड्या मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळं तिच्या वजनाचा तिसरा हिस्साच आडवा ढकलतो. पाणी कुणाला धरून राहत नाही, ते पूर्ण वजनानिशी ढकलतं. आता भिंतीचं बळ बघा. वरच्या मापाच्या काळ्या दगडाच्या तालीचं वजन मीटरला दोन टनांच्या आसपास, आणि तळाचं घर्षण तिला अकराशे-बाराशे किलोपर्यंत सरकू देत नाही. कोरड्यात ती निवांत उभी असते. पाणी तुंबलं की कशीबशी. जांभ्याच्या नऊ इंची चिऱ्याच्या एकेरी भिंतीचं वजन मीटरला जेमतेम साडेपाचशे किलो, म्हणजे पाऊस यायच्या आधीच तिचा निकाल लागलेला. तरी बेळगावच्या आसपास बागेच्या उतारावर सगळ्यात जास्त दिसते ती हीच, वरून सिमेंटचा गिलावा आणि मातकट रंग मारलेली.

म्हणून तालीचं निम्मं काम तिच्या पाठीमागं असतं, जे फोटोत येत नाही आणि बिलातून सगळ्यात आधी कापलं जातं. भिंतीमागं फूटभर रुंदीत चाळीस मिलिमीटरची धुतलेली खडी, तळापासून माथ्याच्या अर्धा फूट खालपर्यंत. वीस फुटांना पाऊण ते एक ब्रास. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरून ती गच्च होते. त्याऐवजी ताडपत्री घालणारे महाभाग आहेत. ताडपत्री पाणी अडवते, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. खडीच्या माथ्यावर मात्र सहा इंच चिकट माती ठोकून बसवा, म्हणजे वरून वाहणारं पाणी खडीत उतरणार नाही. तालीच्या वर चार-पाच फुटांवर एक चर काढून पन्हाळीचं आणि अंगणातलं पाणी बाजूला वळवा. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या अंगाला, जमिनीला पावसाळ्यात उपळ लागते, म्हणजे जमिनीतूनच पाणी पाझरून वर येतं. तिथं खडीच्या तळाशी चार इंची भोकं पाडलेला पाइप, भोकं खाली करून, दहा फुटांना दीड इंच उतार देऊन टाका आणि त्याचं तोंड उघड्यावर काढा.

आता दर्जा भरण्याबद्दल, म्हणजे दगडांचे सांधे सिमेंटनं बुजवण्याबद्दल. कोरडी, म्हणजे सिमेंटशिवायची ताल उत्तम रचून झाल्यावर मालकाला किंवा गवंड्याला हमखास सुचतं की वरून सिमेंटनं सांधे भरले तर "मजबूत होईल, साप शिरणार नाहीत". पाऊण इंच सिमेंटनं मजबुती काहीच वाढत नाही. वाढतं ते मागचं पाणी, कारण इतका वेळ प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट होती आणि तुम्ही त्या सगळ्या बुजवल्या. कोरडी ठेवायची तर पूर्ण कोरडी ठेवा. सिमेंटची करायची तर काँक्रीटचा पाया, पूर्ण जाडीत सिमेंट-वाळूचा माल, तळाजवळून सुरुवात करून दर चार-पाच फुटांवर पाणी बाहेर काढणारा तीन इंची पाइप, आणि मागं खडी तरीही हवीच. पाइप टाकून मागं सरळ माती लोटली तर पहिल्याच पावसाळ्यात पाइपात चिखल बसतो. माझं मत विचाराल तर चार फुटांपर्यंत कोरडीच बरी. ती थोडी हलते, बसते, पण फुटायच्या आधी सांगते. सिमेंटची काही सांगत नाही. चार फुटांच्या वर, किंवा माथ्यावर रस्ता, घर, पाण्याची टाकी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच डिझाइन घ्या. नाहीतर उंची दोन तालींत वाटा, आणि दोन्हींमध्ये खालच्या तालीच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा.

दगड कुठला, यावर लोक उगाच तासन् तास वाद घालतात. काळा दगड जड आहे, मिळतोही. गोकाककडचा वाळूचा दगड थरांत निघतो, सपाट बसतो, रचायला सुख. जांभ्याचा ओबडधोबड डबरही चालतो, फक्त तो साधारण पाव हिस्सा हलका असतो, म्हणून जाडी तेवढी वाढवा आणि कच्चा, पहारीनं भुगा होणारा दगड काढून टाका. नदीतले गोल गोटे नकोत, कितीही सुंदर दिसले तरी.

रचताना गडग्याची एक सवय मोडावी लागते. गडग्यात मोठा, देखणा दगड आडवा, तोंड बाहेर करून लावला तरी खपतं. तालीत दगडाची लांबी भिंतीच्या आत गेली पाहिजे. बाहेर दिसतं ते त्याचं टोक. दर दोन फूट उंचीला, तीन-तीन फुटांवर एक लांब दगड पाठीपर्यंत पोचलेला हवा. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. दगड डुलत असेल तर चिपा मागून ठोकायच्या, तोंडाकडून कधीच नाहीत. तोंडाकडच्या चिपा वर्षभरात गळतात आणि वरचा दगड सैल होतो. प्रत्येक थराबरोबर मागं खडी आणि माती भरत चला, सहा-आठ इंचांचा थर, हातानं धुम्मस. सगळी भिंत उभी करून शेवटी जेसीबीनं एकदम माती लोटणं म्हणजे तिला त्याच दिवशी धक्का मारणं. अवजड मशीन भिंतीच्या उंचीएवढं तरी दूर ठेवा. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती मागं भरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि दर फुगण्याला भिंत थोडी पुढं सरकते. मुरमाड लाल माती चालेल.

माथ्यावर वाळा लावा, मुळं सरळ खाली जातात आणि माती धरतात. आंबा, फणस दहा-पंधरा फूट लांब. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच उपटा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी भिंतीच्या एका टोकाला उभं राहून तोंडावरून नजर टाका. तळापासून तिसऱ्या हिश्शाच्या उंचीवर पोट आलं असेल, तर मागं पाणी साचलंय. पोट आलेली ताल टेकू देऊन किंवा ठोकून मागं जात नाही. त्या भागावरची माती काढा, पोटाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जास्त धरून माथ्यापासून व्हीच्या आकारात दगड उतरवा, मागची चिखल झालेली खडी बदला आणि तेच दगड पुन्हा रचा. हे काम फेब्रुवारी ते मे. पावसात पोट दिसलं तर तोवर वरचा चर मोकळा करा, माथ्यावर ताडपत्री टाका (इथं ती चालते) आणि खालच्या वाफ्यात कुणाला बसू देऊ नका.