भुईआवळा

भुईआवळा, काही ठिकाणी भुईआवळी. पावसाळ्यात धुऱ्यावर, सोयाबीन-तुरीच्या वावरात आपोआप येणारं वीत-दीड वीत उंचीचं तण. पानांच्या खालच्या बाजूनं मोहरीपेक्षा जरा मोठी हिरवी फळं ओळीनं लोंबतात. निंदणाला गेलेल्या बाया घरात कोणाला कावीय (कावीळ) झाली असली तर हेच तेवढं पदरात बांधून आणतात, आणि मुळासकट वाटून उपाशीपोटी ताकातून देतात.

खरा घोळ नावाचा आहे. जुन्या ग्रंथांत याला सरसकट फिलँथस निरुरी या शास्त्रीय नावानं म्हटलंय, पण वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये ज्या झाडाला हे नाव दिलं ते अमेरिकेकडचं, आपल्याकडचं बहुतेक फि. अमारस (नाव 1827 मधलं) किंवा फि. फ्रॅटर्नस असतं आणि हेच मत जास्त पटण्यासारखं आहे. भिंगातून फुल पाहिलं तर अमारसला पाच पाकळ्यांसारखे भाग दिसतात, फ्रॅटर्नसला सहा. वावरात हे कोण मोजत बसणार, त्यामुळे वाटीत नेमकं काय पडलं याचा नेम नाही. संस्कृत तामलकी म्हणजे हीच असं धरतात, पण चरकसंहितेत ती खोकला आणि दम्याच्या औषधांत येते, म्हणजे काविळीशी तिची जोड बहुधा नंतरची असावी.

1988 मध्ये मद्रासच्या थ्यागराजन आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू अंगात बाळगणाऱ्या 37 जणांना 30 दिवस अमारस दिल्यावर 22 जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठप्रतिजन (त्याच्या आवरणावरचं प्रथिन, रक्तातली संसर्गाची खूण) गेलं, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 23 पैकी एकाच्याच. गाजलं खूप, पण थायलंड, न्यूझीलंडकडे तसा गुण आला नाही. 2011 च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) दिखाऊ गोळीपेक्षा सरस असल्याचा खात्रीचा पुरावा निघाला नाही.

आणि गावातली पावसाळी कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई ची, ती काही आठवड्यांत आपणच उतरते, श्रेय मात्र ताकातल्या पाल्याला. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात धुवून ‘कावीळ उतरवतात’, त्यात पाणी पिवळं होतं ते सालीमुळे, काविळीमुळे नाही. गरोदर बाईची ई कावीळ मात्र वेगळीच गोष्ट, शेवटच्या तीन महिन्यांत ती जिवावर बेतते, तिथं पाला वाटत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.