शीर्षकात 'मुंबई' आलं का?

गेल्या पावसाळ्यात लोअर परळच्या आमच्या डेस्कवर एका उपसंपादकाने मथळा दिला होता: 'लोकलचा पाय पाण्यात'. गूगलवर सापडावा म्हणून पाचच मिनिटांत तो बदलून आला: 'मुंबई पाऊस: मध्य रेल्वे लोकल उशिरा, सायन कुर्ला पाणी साचले'. सायनमध्ये नाही, कुर्ल्यात नाही. नुसतं 'सायन कुर्ला'. विभक्तीचे प्रत्यय कुणी गिळले, याचं उत्तर तीस वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

एच-वन ते एच-सिक्स हे शीर्षकांचे टॅग, म्हणजे पानातला कुठला मजकूर शीर्षक आहे हे यंत्राला सांगणाऱ्या खुणा, वेबइतकेच जुने. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेचे जे पहिले टॅग मांडले, त्यात ते होतेच, आणि तेही जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कागदपत्रांसाठी आधीपासून चालणाऱ्या पद्धतीतून घेतलेले. प्रकरण, उपप्रकरण दाखवायचं एवढाच हेतू. शोधाशी त्यांचा संबंध नव्हता, कारण शोधयंत्रंच नव्हती.

ती आली तेव्हा त्यांच्याकडे मोजायला होतं काय? पानावरचे शब्द. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना गूगलच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला. त्यात प्रत्येक शब्दाची नोंद कशी ठेवायची ते दिलंय: शब्द पानावर कुठे आहे, कॅपिटलमध्ये आहे का, आणि बाकी मजकुराच्या मानाने त्याचा टाइप किती मोठा. मोठ्या किंवा ठळक टाइपातल्या शब्दाला वजन जास्त. (कॅपिटलचा निकष देवनागरीला लावणार कसा, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारण नव्हतं.)

एवढं कळल्यावर लबाडी आलीच. पान दिसायला कसं असावं ते ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली आवृत्ती १९९६ च्या डिसेंबरात आली होती. तिच्यामुळे टॅग आणि अक्षराचा आकार यांची फारकत करता येऊ लागली. अख्खा परिच्छेद एच-वनमध्ये घालायचा आणि अक्षरं बारीक करून वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असले उद्योग सुरू झाले. गूगलने २००३ चं 'फ्लोरिडा', २०११ चं 'पांडा', २०१२ चं 'पेंग्विन' अशा बदलांतून भरताड मजकूर आणि कृत्रिम लिंकांचा धंदा बराच आवरला. एका पानावर एच-वन एकच हवा हा दंडक लोक अजून पाळतात. गूगलचे जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्येच, कितीही चालतील, असं सांगून टाकलंय.

यातला बराच काळ मराठी मथळा शोधयंत्राला दिसतच नव्हता. मुंबईत मुख्यालय असलेल्या व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि पुढे मराठी पानंही वेबवर आली, पण 'शिवाजी', 'श्रीलिपी' अशा फॉण्टांत. फॉण्ट चढवला की 'मुंबई'. संगणकाच्या लेखी मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा, आणि तोही दर फॉण्टागणिक वेगळा. काही ठिकाणी मथळा चक्क चित्र म्हणून डकवलेला असायचा. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण विंडोज २००० नंतर ती घरोघरच्या संगणकांवर नीट उमटू लागली आणि वर्तमानपत्रं त्याहून सावकाश वळली.

म्हणजे कीवर्डचे (लोक जे शब्द शोधतील ते मथळ्यात घालायचे) धडे आम्ही इंग्रजीवाल्यांकडून आयते घेतले. इंग्रजीत शब्द मोडत नाही. 'इन मुंबई' म्हटलं तरी 'मुंबई' शाबूत. मराठीत मुंबईचं मुंबईत, मुंबईकरांना, मुंबईतल्या होतं. पावसाचं तर रूपच पालटतं: पाऊस, पावसात, पावसाने. यंत्राने अक्षरशः 'पाऊस' शोधला तर 'पावसाने झोडपलं' हाती लागायचं नाही. मग प्रत्यय काढा, सुटे शब्द मांडा, ही रीत पडली. शिवाय 'वारकऱ्यां'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो; डोळ्याला सारखा, यंत्राला वेगळा. आणि स्थानकांची नावं! एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण जुनं नाव तोंडातून जात नाही, म्हणून मथळ्यात दोन्ही कोंबायची.

खरं तर आता प्रत्यय गिळायचं कारण बरंचसं उरलेलं नाही. वाक्याचा संदर्भ लावणारी बर्ट ही पद्धत गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून अधिक भाषांत आणली, त्यात मराठी आहे. शीर्षकातल्या शब्दांवरून पान कशाबद्दल आहे हे आजही ठरतं, पण त्यासाठी शब्द उघडेबोडके ठेवावे लागत नाहीत. डेस्कवरची सवय मात्र सुटत नाही, कारण मथळा पडला तर दोष प्रत्ययावर ढकलणं सोपं.

आमच्याकडे आता दोन चौकटी आहेत: एक पानावरच्या मथळ्यासाठी, एक शोधनिकालासाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं, की निकालात दाखवायचं शीर्षक ते पानावरच्या दिसत्या मथळ्यावरूनही घेऊ शकतं. पावसाच्या त्या दिवशी उपसंपादकाने हट्टाने पहिल्या चौकटीत आपला मथळा परत टाकला, पुढे 'मुंबईत' जोडून. संध्याकाळी फोनवर शोधलं तर निकालात तोच होता: 'मुंबईत लोकलचा पाय पाण्यात'. दुसऱ्या चौकटीतलं 'सायन कुर्ला' गूगलने घेतलंच नव्हतं.