रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), मुंबई

रसायन अभियांत्रिकी आणि रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण व संशोधन करणारी महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्था. मुख्य परिसर मुंबईत माटुंग्याला. उपपरिसर जालना व भुवनेश्वर येथे. नाव पुढे बदलले, तरी जुनी मंडळी तिला अजून ‘यूडीसीटी’च (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात.

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून १ ऑक्टोबर १९३३ रोजी ती सुरू झाली. तेव्हाची मुंबई गिरण्यांची. कापड इथे विणले जाई, पण ते रंगवायचे रंग परदेशातून येत आणि रंगाईचे शास्त्र जाणणारी माणसेही मोजकीच. काम दिसते तेवढे सोपे नाही. लोकरीवर घट्ट बसणारा आम्ल रंग सुती कापडाला धरत नाही, पहिल्याच धुण्यात उतरतो. म्हणजे रंगाइतकाच धागाही कळावा लागतो. म्हणूनच वस्त्ररसायन हा विषय अगदी आरंभापासून इथे होता. पुढे औषधे, तेले, अन्न, बहुवारिके (पॉलिमर), पेंट अशा शाखा जोडल्या गेल्या. विज्ञान महाविद्यालयांहून तिचे वेगळेपण यातच आहे: इथले बरेच विभाग बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरून पडले आहेत.

संस्थेचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगरसायनातले मोठे नाव. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रसायन अभियंता मनमोहन शर्मा १९६४ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, इथे प्राध्यापक झाले. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. अध्यापकांनी कारखान्यांना सल्ला द्यावा आणि तिथल्या अडचणी प्रयोगशाळेत आणाव्यात, ही इथली जुनी रीत. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर, घरडा केमिकल्सचे संस्थापक के. एच. घरडा, डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी आणि उद्योगपती मुकेश अंबानी हे इथलेच विद्यार्थी.

२००२ मध्ये विभागाची संस्था झाली आणि २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पदवीवर असणारे मुंबई विद्यापीठाचे नाव त्याबरोबर सुटले.

दोन्ही उपपरिसर २०१८ मध्ये सुरू झाले. भुवनेश्वरचा परिसर इंडियन ऑइलच्या साहाय्याने उभा राहिला, त्या कंपनीचे नावही त्याच्या नावात आहे. जालन्याचा परिसर मराठवाड्यासाठी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या व्यापारपेठेची. आजचे जालना लोखंडी सळया आणि बियाण्यांसाठी ओळखले जाते. दोन्हीकडे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम असून त्यात वर्गातील सत्रांच्या अधूनमधून विद्यार्थ्यांना उद्योगात प्रत्यक्ष कामाला पाठवले जाते. मुंबईत गिरणी दाराशी होती, इथे विद्यार्थ्याला पिशवी भरून गावोगाव जावे लागते.