बापाचं जास्त मुलीकडे जातं

सोलापुरात बारशाला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "दोन मुली झाल्या, आता वंशाला दिवा पाहिजे की." मूल का हवं याचं हे कारण आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. म्हणूनच ते जीवशास्त्रावर घासून बघायला हवं.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांच्या, 23 जोड्या; प्रत्येक जोडीत एक आईकडचं, एक वडिलांकडचं. शुक्राणूत जोडीतलं एकच जातं, पण जसंच्या तसं नाही. शुक्राणू किंवा अंडं बनताना पेशीचं जे विभाजन होतं (अर्धगुणसूत्री विभाजन), त्यात जोडीदार गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, तुटतात आणि मागावर तुटलेला धागा शेजारच्या धाग्याला सांधावा तशी एकमेकांच्या तुकड्यांना जुळतात. ही पारगती. पुरुषात एका विभाजनात ती साधारण 26 ठिकाणी होते, स्त्रीत 40च्या आसपास. त्यामुळे मुलाकडे पोचणारं गुणसूत्र बहुधा आजोबा-आजी दोघांच्या तुकड्यांचं, आधी कधीच नसलेलं असतं. असं पिढ्यानपिढ्या चालतं. दहा पिढ्यांमागे तुमचे 1024 पूर्वज. (मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत कमी.) त्यातल्या जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा तुमच्यात उरलेला नसतो!

बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जातं ते फक्त वाय गुणसूत्र. टोकं सोडली तर त्यात पारगती होत नाही. 'वंशाच्या दिव्या'ला आधार एवढाच. वायमध्ये बेसच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या, सुमारे 6 कोटी जोड्या; बापाकडून येणाऱ्या सगळ्या गुणसूत्रांच्या मिळून सुमारे 300 कोटी जोड्यांतले 2 टक्के. त्यावरचं एसआरवाय जनुक, 1990 साली सापडलेलं, गर्भाला पुरुषाच्या वाटेवर नेतं. इतर बरीच जनुकं शुक्राणू बनवण्याच्या कामाची. मुलीला वायच्या जागी बापाचं एक्स गुणसूत्र मिळतं, त्यात 15 कोटींहून जास्त जोड्या. म्हणजे बापाचा डीएनए मुलापेक्षा मुलीकडेच जास्त जातो.

मुलगा की मुलगी हे शुक्राणू ठरवतो, तेही गर्भधारणेच्या क्षणीच. दिवस गेल्यावर 'मुलगा होण्याचं औषध' देणारे सरळ फसवतात, आणि सुनेला बोल लावणारे तिच्यावर अन्याय करतात.

मूल हवंसं वाटणं सुंदर आहे. पण मुलगा होईपर्यंत बाईला पुन्हा पुन्हा बाळंतपणात लोटणं अनैतिक आहे, आणि मधे जन्मलेल्या मुलींवरही तो अन्यायच. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकुशी' नावाच्या 285 मुलींना नवी नावं द्यावी लागली. त्यातल्या प्रत्येकीच्या पेशीत बापाचं एक अख्खं एक्स होतं.