सील नवं, पण पाइप?

मोटरसायकलचा पुढचा शॉकअप गळायला लागला आणि त्याचं ऑइल सील घ्यायला गेलं की स्पेअर पार्टच्या काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले: गाडी कोणती, आणि ओरिजिनल देऊ की लोकल? पुण्यात नाना पेठेत यामाहा आरएक्स १०० चं नाव काढलं तर वर आणखी एक वाक्य ऐकू येतं, "जुना कंपनी स्टॉक आहे, पण भाव वेगळा पडेल." ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली. तिचे चाहते मात्र कमी व्हायला तयार नाहीत, त्यामुळे त्या काळातलं पाकीट जसंच्या तसं मिळालं की लोक दुप्पट-तिप्पट पैसे आनंदाने देतात.

यातला एकही प्रश्न पाइपबद्दल नसतो, आणि खरी गोम तिथेच आहे. तेल अडवण्याचं काम सील एकटं करत नाही. सीलची रबरी लिप, म्हणजे आतली पातळ कड, आणि तिच्यातून वर-खाली सरकणारा क्रोमचा पाइप, अशा दोघांचं ते काम आहे. दुकानातून आपण त्या जोडीतलं एकच आणतो. दुसरं गाडीवर आधीच बसलेलं असतं, आणि जुन्या गाडीवर त्याने पंचवीस-तीस पावसाळे काढलेले असतात.

दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि आत तेलाने दाबलेला धक्का, ही फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकअपची, रचना कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवर पहिल्यांदा आणली ती बीएमडब्ल्यूने, १९३५ साली आर१२ आणि आर१७ या मॉडेलांवर. तेव्हापासून एक अडचण कायम आहे. खालच्या नळीत, म्हणजे बॉटममध्ये, तेल, वरून त्यात शिरणारा पाइप, आणि जिथे पाइप बाहेर पडतो तिथे फट ठेवावीच लागते. त्या फटीवर राखण करायला सील. त्या काळी सीलची लिप बऱ्याचदा चामड्याची असे. जर्मनीत १९३० च्या दशकात नायट्राइल रबर बाजारात आलं, आणि तेलाला न घाबरणारं हे रबर हळूहळू सगळीकडे पसरलं. आज तुमच्या हातात येणारं सील बहुधा त्याचंच असतं.

सील म्हणजे घट्ट बूच, असा आपला समज असतो. पण बूच असतं तर काम बिघडलं असतं. पूर्ण कोरड्या पाइपवर रबर घासत राहिलं तर ते तापेल, अडखळत सरकेल आणि थोड्याच दिवसांत झिजून जाईल. म्हणून लिपखाली तेलाचा एक थर राहू द्यावा लागतो, मायक्रॉनच्या काही अंशांइतका. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) सील तेल पूर्ण अडवत नाही. पाइप बाहेर येताना ते फार थोडं तेल बाहेर जाऊ देतं आणि पाइप आत शिरताना ते सगळं परत घेतं.

हे परत घेणं जमतं लिपच्या आकारामुळे. नवं सील कापून पाहिलं तर लिपची तेलाकडची बाजू उभी उतरलेली दिसते आणि हवेकडची बाजू पसरट. पुट्टी मारणारा कारागीर पट्टी उभी धरतो तेव्हा भिंतीवर थर पातळ बसतो, आडवी कलती धरली की जाड बसतो. इथेही तसंच घडतं. फोर्क उघडताना पाइप तेलातून बाहेर निघतो, तेव्हा त्याच्यापुढे उभी कड येते आणि अगदी पातळ थर बाहेर निसटतो. फोर्क दबताना पाइप उलट जातो, आता पसरट बाजू समोर असते, आणि तिच्याखालून बराच जाड थर आत जाऊ शकतो. आत न्यायची ताकद बाहेर सोडण्याच्या ताकदीपेक्षा जास्त, म्हणून हिशेब तेलाच्या बाजूने जमतो. सील उलटं बसवलं की पहिल्याच दिवशी गळतं ते याचमुळे. माप तेच, रबर तेच, फक्त पट्टी उलटी धरलेली.

हा हिशेब थोडासा जरी चुकला तरी काय होतं ते आकड्यांत बघू. पाइपचा व्यास ३० मिलिमीटर धरा, म्हणजे परीघ साधारण ९४ मिलिमीटर. खड्ड्यातून जाताना फोर्क ५० मिलिमीटर हलला आणि दर फेरीला फक्त ०.१ मायक्रॉन थर परत आला नाही, तर एका फेरीत अर्धा घन मिलिमीटर तेल गेलं. डोळ्याला ते दिसणारही नाही. पण हजार फेऱ्यांना ते अर्धा मिलिलिटर होतं आणि दोन लाख फेऱ्यांना शंभर मिलिलिटर. आपल्याकडच्या रस्त्यांवर हजार फेऱ्या व्हायला किती किलोमीटर लागतात, ते सांगायची गरज नाही. केसाच्या सातशेव्या भागाएवढी ही चूक, आणि शॉकअप रिकामा.

म्हणून जुन्या स्टॉकबद्दल मी जरा कडवट बोलतो. ती कड धारदार आणि लवचिक राहिली तरच वरचा खेळ जमतो. नायट्राइल रबरात लवचिकपणासाठी मिसळलेली द्रव्यं काळाबरोबर निघून जातात, हवेतला ऑक्सिजन रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधत जातो आणि रबर कडक होतं. या रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका त्यांच्यावर हल्ला करतो, आणि ताणलेल्या भागावर बारीक भेगा पडतात. रबरी वस्तूंच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० नावाचं मानक आहे. थंड, अंधाऱ्या जागी, नीट पाकीटबंद ठेवलेल्या नायट्राइलला ते सात वर्षं देतं आणि तपासणी करून आणखी तीन. १९९६ चं पाकीट या मुदतीच्या कधीच पुढे गेलेलं आहे, आणि ते थंड अंधारात होतं की दुकानाच्या दारात खिळ्याला टांगलेलं होतं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. खिळ्याला टांगलेल्या सीलची लिप एका जागी दबून अंडाकृती होते ते वेगळंच. संग्रहासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या. गाडीत बसवायचं असेल तर त्याच मापाचं, चांगल्या सील बनवणाऱ्या कंपनीचं ताजं सील बरं.

तसं ते मिळतंही, कारण सीलची मापं एका गाडीची मक्तेदारी नसतात. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. जपानी धाटणीच्या फोर्कमध्ये २७×३९×१०.५, ३१×४३×१०.५, ३३×४६×११, ३५×४८×११ अशी मापं पुन्हा पुन्हा दिसतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या तीच वापरतात. जुन्या सीलवरचे आकडे वाचता आले तर काम सोपं. ते पुसले गेले असतील तर जुन्या सीलच्या आतल्या व्यासाचं माप घेऊ नका. लिप मुळातच पाइपपेक्षा लहान असते, त्या ताणावरच तर ती पाइपला धरून राहते, आणि झिजल्यावर किती मोठी झाली याचा भरवसा नसतो. व्हर्निअरने पाइपचा बाहेरचा व्यास मोजा, बॉटममधल्या सीलच्या बैठकीचा व्यास मोजा, आणि बैठकीच्या तळापासून सर्क्लिपच्या, म्हणजे सीलला जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीच्या, खाचेपर्यंतची खोली मोजा. उंचीत अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी असलेलं सील सर्क्लिपखाली हलत राहतं, जास्त असलेलं सर्क्लिप बसू देत नाही. फोर्क पाइप कधी बदललेला असेल तर दुसऱ्याच मॉडेलचा निघण्याचीही शक्यता असते, म्हणून गाडीच्या नावावर न जाता हातातल्या पाइपवर जावं.

तिन्ही आकडे जुळले तरी एक फसगत उरते. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचं सील मिळतं, स्वस्तही असतं, त्यावर टीसी असं काहीतरी कोरलेलं असतं. ते फिरणाऱ्या शाफ्टसाठी असतं. शाफ्ट जागच्या जागी फिरतो, पाइप मात्र चिखल घेऊन बाहेर जातो आणि तो चिखल घेऊनच परत येतो. काही फिरत्या सीलच्या लिपवर तिरक्या बारीक रेघा असतात. शाफ्ट फिरला की त्या तेल आत ढकलतात. सरळ वर-खाली सरकणाऱ्या पाइपवर मात्र त्या रेघा तेलाला वाट करून देतात. फोर्कचं सील घेताना ते फोर्कचंच आहे ना, हे विचारून घ्यावं. वरचं डस्ट सीलही सोबतच बदलावं. त्याची किंमत किरकोळ असते आणि मुख्य लिपपर्यंत वाळू पोहोचू न देण्याचं काम तेच करतं.

बाहेरची बाजू पत्र्याची असावी की रबराची, यावर मेकॅनिक मंडळींची मतं ठाम असतात. माझं मत जुन्या गाडीपुरतं रबराच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. बॉटम अ‍ॅल्युमिनियमचा, सीलची रिंग पोलादाची. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ४६ मिलिमीटरच्या बैठकीत ४० अंशांचा फरक पडला तर दोघांत सुमारे २० मायक्रॉनचं अंतर पडतं. नव्या, गुळगुळीत बैठकीत पत्रा घट्ट दाबून बसवलेला असल्याने हे अंतर सहज खपतं. पण जुन्या बॉटममध्ये आधीच्या कुणीतरी सील स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलेलं असतं आणि तिथे ओरखडे असतात. पत्रा ओरखडा भरत नाही, रबर भरतं. नाहीतर लिप शाबूत असूनही तेल बाहेरच्या अंगाने येतं, आणि मालक सीलच्या कंपनीला शिव्या घालतो.

आता पाइप. त्यावरचं हार्ड क्रोम दहा-वीस मायक्रॉन जाड असतं, काचेसारखं कडक, पण त्यात नजरेला न दिसणाऱ्या भेगा असतातच. पाणी आणि मीठ त्यातून खालच्या पोलादापर्यंत उतरतं, तिथे गंज फुगतो आणि क्रोमचा टवका उडतो. कोकण-गोव्यातल्या आणि महिनोन्‌महिने पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या पाइपवर असे खड्डे हमखास सापडतात. बोटाच्या नखाला अडकणारा प्रत्येक खड्डा लिपला दर फेरीत कापतो. खड्ड्याची कड वर आली असेल तर बारीक एमरी पेपरने, हजार किंवा त्याहून वरच्या नंबरच्या, ती उतरवावी. हात पाइपभोवती गोल फिरवायचा, लांबीला धरून कधीच नाही, कारण लांबीला पडलेली रेघ म्हणजे तेलाला आयती पन्हळ. खड्डे सीलच्या चालण्याच्या पट्ट्याबाहेर असतील तर त्यांचं मनावर घेऊ नका. पट्ट्यात पाच-सहा असतील तर री-क्रोमला द्यावा किंवा नवा पाइप घ्यावा. पाइप वाकलेलाही असू शकतो. दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेजखाली (काट्याने वाक दाखवणाऱ्या मापकाखाली) फिरवला की कळतं, ०.२ मिलिमीटर ही बऱ्याच मॅन्युअलांमधली मर्यादा आहे. बुश, म्हणजे पाइपला आतून आधार देणारी कडी, झिजून पाइप डगडगत असेल तर लिप एका बाजूला चेपते आणि दुसरीकडे उघडी पडते. अशा पाइपवर ओरिजिनल काय आणि लोकल काय, थोड्याच दिवसांत दोन्ही सारखीच गळतात.

गॅरेजमध्ये एक जुनी युक्ती चालते: सीलमधली बारीक स्प्रिंग काढून दोन-तीन वेढे कापायचे आणि पुन्हा जोडायची. गळती थांबते, हे खरं आहे. पण दाब वाढला की लिप पसरून टेकते, घर्षण वाढतं, लिप लवकर सपाट होते आणि ती उभी कडच नाहीशी होते. शिवाय लहान खड्ड्यांवर शॉकअप हलतच नाही, हाताला ठणका बसतो. दुसरी युक्ती मात्र मला पटते. एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पट्टी कापून ती लिपखाली सरकवून फिरवायची आणि अडकलेला चिखल बाहेर काढायचा. गळती कचऱ्यामुळे असेल तर सील न बदलताही ती थांबते, आणि तसं बऱ्याचदा असतं. सील विकत घेण्याआधी ही पट्टी फिरवून बघावी.

तेल जास्त भरलं तरी सील गळतं, आणि दोष सीलवर येतो. पाइपमध्ये तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. समजा फोर्क पूर्ण उघडा असताना हवेचा स्तंभ २५० मिलिमीटर आहे आणि फोर्क १२५ मिलिमीटर दबला, तर हवा निम्म्या जागेत येते, दाब दुप्पट होतो. "जरा कडक हवाय" म्हणून तेलाची पातळी ७५ मिलिमीटर वर नेली, तर १७५ मधून ५० उरतात आणि दाब साडेतीन पट होतो. लिपने एवढा दाब झेलायचा असतो तो एका खड्ड्यापुरता नाही, दर खड्ड्याला. म्हणून फोर्कच्या डाव्या-उजव्या दोन्ही पायांत मॅन्युअलमध्ये दिलेलं तेवढंच तेल, मोजमापाच्या भांड्याने.

बसवताना पाइपच्या टोकाची धार लिपला चिरू शकते, म्हणून त्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी ओढून, लिपला फोर्क ऑइल चोळून सील वरून उतरवावं. स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाचा पाइपचा तुकडा किंवा जुनं सील वर ठेवून समान ठोके द्यावेत. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये पाइपवर तेलाची पुसट ओलसर कडी दिसली तर घाबरू नये. लिप पाइपशी जुळवून घेते आहे. पुसल्यावर ती पुन्हा आली, थेंब बनून बॉटमवरून ब्रेकच्या दिशेने ओघळला, तर पुन्हा उघडा, आणि यावेळी आधी पाइप बघा.